भागी डोळे मिटते

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नागोरावांच्या बोईसरच्या स्टुडिओत एक लाकडी कॅमेरा, एक स्टूल, एक राखाडी पडदा, दोन गिऱ्हाइकं आणि फोटोच्या तीन कोऱ्या काचेच्या प्लेटा होत्या. पालघरहून नव्या प्लेटांचं पार्सल यायचं होतं सोमवारी.

गिऱ्हाइकं म्हणजे भागी आणि तिचा नवरा जिवल्या. दोघं डोंगरातल्या पाड्यावरून तारापूरच्या बांधकामावर आलेली. जिवल्याचा कामावरचा पास तयार झाला होता. भागीचा फोटो मात्र ठेकेदाराच्या कारकुनाने दोनदा परत केला होता, कारण दोन्ही फोटोंत तिचे डोळे मिटलेले. आज चार वाजता पासाची खिडकी बंद झाली की नवी नावं पावसाळ्यानंतर. तोवर जिवल्या इथे आणि भागी पाड्यावर.

"माजे डोले आपसूक मिटतात," भागी म्हणाली. "मी काय मुद्दाम करते?"

"घरी तर येवडे वटारते," जिवल्या म्हणाला.

पहिली प्लेट नागोरावांनी स्वतः घेतली. "हलू नको बाई. डोळे उघडे. एक, दोन..." तीन म्हणायच्या आत भागीचे डोळे मिटले. फोटो घेण्याचा रबरी फुगा तोवर दाबला गेला होता.

"आता तू बघ, बी.एस्सी.," ते मला म्हणाले आणि घाम पुसत बाकावर बसले.

पदार्थविज्ञान शिकून मी आठ महिने त्यांच्या प्लेटा धूत होतो. रविवारी माझा डबा कॅमेरा घेऊन जवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर जायचो. होड्या, जाळी, मावळतीचा सूर्य. असे सत्तावन्न फोटो जमले होते. ते पाहून नागोराव एवढंच म्हणाले होते, "चांगले हायेत. पण हे कुणीबी काढले असते." मी सगळे पुन्हा पाहिले. त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या प्लेटेला मी मोजणं सोडून दिलं. न सांगता फुगा दाबला. भागीने माझी मूठ आवळताना पाहिली आणि डोळे मिटले. दोन पस्तीस.

उरली एक प्लेट. मी ती कॅमेऱ्यात बसवली आणि काहीच केलं नाही.

"काय करायलास?" नागोराव म्हणाले. "मुहूर्त बघायलास का?"

मी घड्याळ धरून भागीकडे पाहत होतो. एरवी तिची पापणी चार-पाच सेकंदांनी लवत होती. सगळे गप्प होऊन तिच्याकडे बघू लागले की मात्र ती डोळे गच्च मिटून घेई. जिवल्याशी बोलताना डोळे उघडे राहत, पण तोंड हले, आणि मला अर्धा सेकंद स्थिर चेहरा हवा होता.

मी जिवल्याला कॅमेऱ्यामागे उभं केलं, त्याचं डोकं भिंगाच्या बरोबर वर येईल असं. फुगा माझ्या पाठीमागे धरला. त्याच्या कानात म्हणालो, "ती काही विचारेल. उत्तर देऊ नका."

"झाला फोटो?" भागीने विचारलं.

"आता काय घाई नाही," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. तिच्यावर नजर होती ती भिंगाची. तिचं बोलणं मी कानानेच ऐकत होतो.

थोडा वेळ गेला. नागोराव बाकावर चुळबुळले.

"कोंबड्या कोनाकं ठेवल्या?" भागी जिवल्याला म्हणाली.

जिवल्या गप्प.

"ठमीकं ठेवल्या ना? बोल की."

तिचं बोलणं थांबलं, ती उत्तराची वाट पाहू लागली. मी एक मोजला आणि फुगा दाबला. मग तो म्हणाला, "ठमीकंच हायेत."

दोन अठ्ठावन्न झाले होते. प्लेट धुतली, स्पिरिटने वाळवली, कागदावर उतरवली. ओला कागद वर्तमानपत्रात धरून मी त्या दोघांबरोबर सालवडच्या रस्त्याने पासाच्या खिडकीकडे पळालो.

कारकुनाने फोटोवर पट्टी ठेवली. हनुवटीपासून केसांपर्यंत निदान तीस मिलिमीटर लागत. एकतीस भरले. डोळे दोन, उघडे. शिक्का पडला तेव्हा चाराला सहा मिनिटं कमी होती.