दोन डावे पंख

बायकोला परदेशातल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि आयुष्यभर कारखान्यात माल तपासणीचे प्रमुख म्हणून रुबाब केलेले साहेब तिच्या मागोमाग तिकडे गेले. कारखान्यात त्यांच्या नुसत्या खाकरण्याने माणसं सरळ उभी राहायची. आता हाताखाली उरलं होतं एक वॉशिंग मशीन, आणि तेही स्वतःचं काम संपल्याशिवाय दार उघडत नव्हतं.

साहेबांनी घरातले नळ दुरुस्त केले, बिजागऱ्या दुरुस्त केल्या, मग ते बायकोची भांडी घासायची पद्धत दुरुस्त करायला निघाले. तेव्हा ती म्हणाली, "अहो, हात जोडते. काहीतरी छंद लावून घ्या."

साहेबांनी विमानाच्या सुट्ट्या भागांचं खोकं आणलं. पिसासारख्या हलक्या लाकडाच्या काड्या, पातळ कागद, पंखा फिरवायला रबर. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवू लागली. कपड्यांचे चिमटे विमानाच्या फासळ्या धरून बसले, त्यामुळे बायकोचा पांढरा कोट दोरीवरून उडून खालच्या मजल्यावर गेला.

साहेबांच्या आईचा फोन आला. "काय करतोयस रे?"

"विमान बांधतोय."

"मग ये की त्यातच बसून एकदा."

"अगं आई, हातभर लांब आहे ते."

"मग सुनेला बसव. ती बारीक आहे."

अखेर जोडणीचा दिवस आला. बायको चहाचा कप घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हा पंख पालथा का?"

"पालथा नाही. तशीच रचना असते."

तरी त्यांनी तो उलटून पाहिला, तर पुढची कड मागे गेली. मग फिरवून पाहिला, तर पुन्हा पालथा. साहेबांनी दोन्ही पंख डावेच केले होते.

"आणि तुम्ही माल तपासायचात?" ती हसता हसता खालीच बसली. साहेब दिवसभर तोंड फुगवून होते, पण दुसऱ्या दिवशी मुकाट्याने उजवा पंख करायला बसले.

रविवारी दोघं बागेत गेली. साहेबांनी रबर पिळलं, विमान सोडलं, ते नाकावर आपटलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

"नाक जड आहे त्याचं," बाकावरून बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"रोज तराजूवर काम करते मी." तिने केसातला आकडा काढला आणि शेपटीत खोचला. "आता सोडा."

विमान वर गेलं. साहेब ओरडत त्याच्या मागे सुटले. वाटेत एक चप्पल गेली, मफलर गेला आणि पुढे तळं आलं. विमान बदकांच्या मधोमध उतरलं. साहेब गुडघाभर पाण्यात शिरून कागदाचा लगदा झालेलं विमान डोक्यावर धरून बाहेर आले. बायको टाळ्या वाजवत होती.

"काय उडालं हो!"

"उडालं ना?" साहेबांना धाप लागली होती. "मी पायाखाली बघत पळत होतो गं. वर बघायचं राहूनच गेलं. कसं दिसत होतं?"

मग तिने हाताचं विमान करून दाखवलं: झाडावरून कसं वळलं, उन्हात कसं चमकलं, खाली येताना कसं डुललं. साहेब एका चपलेने पचपच करत तिच्या शेजारून चालत होते. घराचा कोपरा आला तसे ते थांबले.

"झाडावरून वळलं ते परत सांग."