अनुमोदक

“ताई, आज मी उठणार नाही,” धाकटा म्हणाला आणि बुटाला पॉलिश करत बसला.

मी म्हटलं, उठायचंच नसेल तर जातोस कशाला, बसायला घरातही खुर्च्या आहेत. त्यावर त्याने दुसरा बूट घासायला घेतला. माझ्या भावाचं हे जन्माचंच आहे. सत्तरी उलटली, केस गेले, तरी मोठ्या बहिणीशी वाद नको असला की तो बूट, चष्म्याच्या काचा, दाराची कडी, हाताला लागेल ते घासत बसतो. त्या दिवशी त्याने बूट इतके घासले की त्यात तोंड बघावं. पक्षाच्या मयताला निघाला होता आणि थाट नवरदेवाचा.

‘उठणं’ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर माझा भाऊ अंथरुणाला खिळलाय असं वाटायचं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या माळ्यावर खूप वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चार-पाच दुकानदार, एक निवृत्त मास्तर आणि एक वकील जमले आणि त्यांनी पक्ष काढला. त्यांचं म्हणणं, सरकारने कर कमी घ्यावेत, फुकट काही वाटू नये, रस्ते साफ ठेवावेत आणि बाकी माणसाला त्याच्या दुकानात सुखाने बसू द्यावं. वकील म्हणाला, आपण मध्याच्या किंचित उजवीकडे. मी चहा घेऊन वर गेले होते. म्हटलं, रस्त्याच्या मध्याच्या किंचित उजवीकडून चालणारा माणूस दोन्ही बाजूंच्या गाड्यांखाली येतो. मी वॉर्डातली नर्स, आमच्याकडे असले बरेच यायचे. कोणी हसलं नाही. नव्या पक्षात हसायला बंदी असते.

पहिला ठराव वकिलाने मांडला, आणि मग म्हणाला की याला अनुमोदक लागतो, कोणीतरी उभं राहून अनुमोदन द्यायला हवं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. उभं राहायचं म्हणजे नाव होणार, नाव झालं की उद्या अंगाशी येणार. धाकट्याला खाली दुकान उघडं टाकल्याची काळजी होती. तो उठला, म्हणाला, “माझं अनुमोदन आहे,” आणि त्या दिवसापासून पक्षात त्याचं नाव अनुमोदक पडलं. पुढे पुढे तर पोरंसोरंही त्याला अनुमोदककाका म्हणायची. चष्मा दुरुस्तीला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा.

लोकांना त्यात गंमत वाटायची. त्याला नाही. एकाच्या मनात आलं तर ती लहर, दुसऱ्याने विचार करून मान डोलावली की तो ठराव, असं तो म्हणायचा. ठरावाचा कागद तो आदल्या दिवशी मागून घ्यायचा, भिंगाखाली धरून वाचायचा, न पटलेल्या शब्दाखाली रेघ मारायचा आणि वकिलाच्या घरी जाऊन तो शब्द बदलून आणायचा. वकील तेव्हा बदलायचाही. वासरात लंगडी गाय शहाणी, पण वासरं सोबत आहेत याची त्या गाईला अजून जाण होती.

मग पक्षाचं नशीब फळफळलं. नशीबच म्हणायचं, कर्तृत्व म्हणायला माझी जीभ वळत नाही. दोन मोठ्या पक्षांची मतं अगदी बरोबरीत आली आणि आमच्या मूठभर माणसांशिवाय कोणाचं पान हलेना. ज्यांना गल्लीत कोणी रस्ता देत नव्हतं त्यांच्या दाराशी गाड्या उभ्या राहायला लागल्या. वकील उपमंत्री झाला. खातं कोणतं होतं ते मला आजही सांगता येणार नाही, त्यालाही येत नसावं. माळ्यावरचं ऑफिस चौकातल्या इमारतीत गेलं, तिथे लिफ्ट होती, आणि मध्याच्या किंचित उजवीकडचे हे सगळे लोक लिफ्टमध्ये मध्येच उभे राहायचे, दुसऱ्याला जागा न देता.

ठरावाचा कागद आता आदल्या दिवशी येईना. आधी नुसता विषय कळायचा, मग तोही कळेना. निवडून आलेल्यांनी मानधन अर्ध्यावर आणावं असा ठराव पक्षाने एकदा केला होता, धाकटा त्याला अभिमानाने उठला होता. चार वर्षांनी तेच मानधन दुप्पट करायचा ठराव आला, तेव्हाही उठला. घरी आल्यावर मी विचारलं, कोणता खरा? तो दाराची कडी घासायला लागला. मी त्या दिवशी त्याला नाही नाही ते बोलले. तू माणूस आहेस की सभागृहातली स्प्रिंगची खुर्ची, असंही म्हटलं, आणि त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. कोणीतरी बोलायला हवंच होतं.

पुढच्या निवडणुकीत लोकांनी पक्षाला झाडून टाकलं. लिफ्टवालं ऑफिस गेलं. आणि मग वकिलाला एके दिवशी साक्षात्कार झाला की थोरला पक्ष, ज्याला तो आयुष्यभर शिव्या घालत आला, तो मुळात आपल्याच विचारांचा आहे, आता विलीन होणंच देशाच्या हिताचं. त्या बदल्यात त्याला काय मिळणार होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, बोलत कोणीच नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्यच रोग्याला विकून मोकळा होत होता.

विलीनीकरणाच्या आदल्या दुपारी वकील दुकानात आला. मी गल्ल्याशी बसले होते. त्याने काचेच्या कपाटातली एक महागडी फ्रेम काढून नाकावर चढवली, आरशात स्वतःला उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, आणि आरशातूनच माझ्या भावाशी बोलायला लागला. उद्या एकदा शेवटचं उठायचं, म्हणाला. थोरल्या पक्षाची माणसं येणार, त्यांना दिसायला हवं की अगदी पहिल्या दिवसाचा माणूससुद्धा आपल्याबरोबर आहे. शिवाय सल्लागार मंडळात जागा ठेवतो.

“माझा या ठरावाला विरोध आहे,” धाकटा म्हणाला.

“विरोध माझाही आहे हो,” वकील म्हणाला. “पण मनातला विरोध मनातच ठेवता येणं, यालाच प्रगल्भता म्हणतात.”

धाकट्याने विचारलं, मला दोन मिनिटं बोलायला मिळतील का. वकील म्हणाला, मिळतील की, अनुमोदन दिल्यावर बोला, हवं तेवढं बोला. धाकटा म्हणाला, बघतो. पुढाऱ्याने बघतो म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा होतो, आणि साध्या माणसाने म्हटलं की पुढारी त्याचा अर्थ हो असा घेतात. वकील खूश होऊन गेला. फ्रेम नाकावरच होती.

तर असा तो दिवस. मी बरोबर गेले, कारण एकटा गेला असता तर पायांना सवय लागलेली, उठून मोकळा झाला असता. वाटेत त्याला बजावलं की मी शेजारी बसणार, उठायला लागलास तर कोट धरून खाली ओढीन. तो म्हणाला, ओढ.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढे थोरल्या पक्षासाठी सोफे टाकले होते, ते अजून रिकामे होते. मागे आमच्या लोकांसाठी भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ते साहेब लोक यायच्या आत ठराव मंजूर व्हायला हवा होता, म्हणजे ते आत पाऊल टाकतील ते आपल्याच घरात. म्हणून सगळी घाई. वकिलाने ठराव वाचला. हे विसर्जन नाही, हा विस्तार आहे, नदी समुद्राला मिळते तेव्हा ती मोठी होते, वगैरे. समुद्राला मिळालेल्या नदीचं पाणी कोणाला पिता येत नाही हे काही त्यात नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या निवृत्त मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या पोराला थोरल्या पक्षाकडून कसलं तरी काम हवं होतं.

मग चिटणीस माइकपाशी आला. कडक टाय, हातात कागद. मी धाकट्याचा कोट पकडून ठेवला. चिटणीस एका दमात वाचत गेला की ठरावाचे सूचक आपले संस्थापक अध्यक्ष, आणि अनुमोदक, अर्थातच, आपले अनुमोदक. लोक हसले, टाळ्या झाल्या. ठराव एकमताने मंजूर, असं म्हणून त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

कोणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत तो उठला नाही असं कधी झालंच नव्हतं, तर बघायचं कशाला? माझा भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी वॉर्डात असा चेहरा बघितला आहे, झोपेत ऑपरेशन झालेल्या आणि जागं झाल्यावर पाय चाचपणाऱ्या माणसाचा.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मी उठलो नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं. “बसलेलाच आहेस.”

“नक्की?”

“माझ्या हातात तुझा कोट आहे.”

तेव्हा तो उठला. कोट माझ्या हातातून सुटला. “अध्यक्षमहाराज, मी अनुमोदन दिलेलं नाही. माझा आक्षेप आहे.”

आवाज मोठा नव्हता, पण मंचापर्यंत पोचला. वकिलाने ऐकलं, कारण त्याचं हसू जरा थांबलं. मग त्याने माइक ओढून घेतला आणि म्हणाला की आमच्या अनुमोदकांना आज भावना आवरत नाहीत, अशा निष्ठेवरच पक्ष उभा होता. पुन्हा टाळ्या. मास्तर मागे वळून माझ्या भावाकडे कौतुकाने बघत टाळ्या वाजवत होते. इतका निर्लज्जपणा मी बघितला नव्हता, आणि मी बरंच बघितलं आहे.

धाकटा बसला नाही. त्यांच्या पक्षात एक नियम होता, की आक्षेप असेल त्याने उभं राहायचं आणि अध्यक्ष त्याचं ऐकून घेईपर्यंत उभंच राहायचं. तो उभा आहे तोवर सभा पुढे जायची नाही. नियम वकिलाचाच. तरुणपणी थोरल्या पक्षात असताना त्याला एका सभेत बोलू दिलं नव्हतं, त्याच रागाने तर त्याने हा पक्ष काढला होता. सुरुवातीला या नियमापायी माळ्यावरच्या बैठका जेवणाच्या वेळा उलटून जायच्या. तर माझा भाऊ त्या नियमाने उभा राहिला.

आणि तेवढ्यात साहेब लोक आले. दारात गडबड झाली, गाणं लागलं, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पुढचे, मागचे, कडेचे, सगळे. माझा भाऊ त्या गर्दीत दिसेनासा झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या मनाने उभा राहिला होता, आणि शेकडो माणसं त्याच वेळी दुसऱ्यासाठी उभी होती. मला रडू आलं. रागाने आलं. मी उठले नाही.

साहेब सोफ्यांवर बसले, सभागृह बसलं, धाकटा एकटा उरला. मागून कोणीतरी म्हणालं, ओ काका, बसा ना, दिसत नाही. छातीवर बिल्ला लावलेली एक मुलगी वाकून मला म्हणाली की यांना बरं वाटत नाहीये का, यांना बसवा. सगळा जन्म मी माणसांना बसवण्यात आणि निजवण्यात घालवला आहे. म्हटलं, त्यांना बरं आहे, तुझ्या अध्यक्षांना विचार बरं वाटतंय का. ती गेली. भाषणांवर भाषणं झाली. वकील सगळीकडे बघत होता, छताकडेही, फक्त आमच्या रांगेकडे नाही.

शेवटी सगळे आमच्याच बाजूच्या वाटेने बाहेर निघाले. थोरल्या पक्षाचा मुख्य माणूस धाकट्यापाशी आला तेव्हा वकिलाला थांबणं भाग पडलं. हे आमचे सर्वांत जुने कार्यकर्ते, तो म्हणाला. साहेबांनी हात पुढे केला.

“माझा आक्षेप आहे,” धाकटा म्हणाला.

“छान, छान,” साहेब म्हणाले, आणि पुढे गेले. वकील त्यांच्यामागून गेला. माझ्या अंगावर त्याच्या अत्तराचा वास सोडून गेला मेला.

सभागृह रिकामं झालं. आभार मानायचेही राहून गेले होते, सभा संपली असं कोणी म्हटलंच नव्हतं. भाड्याच्या सामानवाले आत आले आणि खुर्च्या एकात एक घालून ढीग लावायला लागले. मंचावरच्या खुर्च्या आधी गेल्या, अध्यक्षांचीही. धाकटा त्या मोकळ्या मंचाकडे तोंड करून उभा होता. एका माणसाने येऊन विचारलं, आजोबा, ही खुर्ची लागतेय का. तो नको म्हणाला, तर त्याने ती उचलून नेली.

मी विचारलं, “गुडघे दुखतायत?”

“दुखतायत,” तो म्हणाला.

तो माणूस परत आला आणि माझ्यापाशी घुटमळायला लागला. सगळ्या रांगेत आता एक माझीच खुर्ची उरली होती. मी उठले, ती त्याला दिली, आणि भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिले.