कायसोच्या नावाशेजारची ओळ

मित्रांनो, मी रोममधली एक जुनी मेणाची पाटी आहे. माझी चौकट लाकडाची आणि आत काळे मेण. लोखंडी लेखणीने माझ्यावर सिनेटरांची नावे कोरत.

पूर्वी सत्तेवरचे लोक आपल्या मर्जीतल्यांनाच सिनेटमध्ये बसवत. मग कायदा झाला. दोन अधिकाऱ्यांनी शपथ घ्यायची आणि लायक माणसेच निवडायची. जुने नाव वगळायचे तर दोघांचे एकमत हवे, शिवाय नावाशेजारी कारण लिहायला हवे.

त्या वर्षी ऑलस आणि नुमेरियस हे अधिकारी होते. यादी तपासताना ऑलसचा हात एका नावावर थांबला. कायसो, त्याचा सख्खा धाकटा भाऊ. लढाईत आपली तुकडी वेढ्यात सोडून तो पळून आला होता.

"राहू दे ते नाव," नुमेरियस हळूच म्हणाला. "मी कुठे बोलणार नाही."

"शपथ घेताना तू माझ्या शेजारीच होतास ना?"

तेवढ्यात कायसोच दारात येऊन उभा राहिला. त्याची नजर माझ्यावर होती.

"दादा, मला वगळतोयस?"

"चाळीस माणसं मेली, कायसो."

"घाबरलो होतो रे. तू कधी घाबरला नाहीस?"

"आत्ता घाबरलोय," ऑलस म्हणाला.

लेखणी माझ्या मेणात रुतली. ती इतकी थरथरत होती की अक्षरे वाकडी उमटली : 'तुकडी सोडून पळाला.' नुमेरियसने मान खाली घालून संमतीची खूण केली. माझे काळीज असते तर ते तिथेच फाटले असते.

दुसऱ्या दिवशी भर चौकात ऑलसने यादी स्वतः वाचली. कायसोचे नाव येण्याच्या जागी तो क्षणभर थांबला आणि पुढचे नाव वाचू लागला. गर्दीत कुजबुज झाली. कायसोने वाकून सिनेटरचे लाल जोडे पायांतून काढले, तिथेच ठेवले आणि तो अनवाणी निघून गेला.

शेवटचे नाव वाचून होताच ऑलसने मला नुमेरियसच्या हाती दिले. कायसोचे जोडे उचलले आणि तो भावाच्या मागे चालू लागला.

आता मी दप्तरखान्याच्या कोपऱ्यात पडून आहे. माझे मेण तडकले आहे. मित्रांनो, जुन्या याद्या अडगळ म्हणून फेकू नका. कोणाला का वगळले, हे त्यांनाच ठाऊक असते. आणि लिहिणाऱ्याचा हात कापत होता, हेही.