छतावरून आणलेला निरोप

पाहुणे अकराला यायचे होते. बारा वाजले तेव्हा सबरी मास्तर तिसऱ्यांदा फाटकाबाहेर जाऊन रस्ता बघून आले. फरात नदीवरच्या पुलाकडून धुळीचा लोट उठला, जवळ आला, आणि त्यातून कलिंगडांचा टेम्पो निघाला.

आत दिवाणखान्यात तल रीम गावातली चौदा वडीलधारी माणसं भिंतीलगतच्या गाद्यांवर बसली होती. त्यांना एका छताखाली आणायला मास्तरांचे अकरा दिवस गेले होते. जानेवारीच्या निवडणुकीवर गावाने बहिष्कार घातला होता. पेटीत एक कागद पडला नव्हता. पुढे बगदादमध्ये सरकार बसलं, नवी घटना लिहायला माणसं बसली, आणि त्यांत आम्हा सुन्नींचं ऐकणारं कोणी नाही म्हणून हीच चौदा माणसं उन्हाळाभर कुरकुरत राहिली. आता ऑक्टोबरात त्या घटनेवर मतदान होतं. मतदार यादीत नाव घालायला आठ दिवस उरले होते. एका परदेशी दूतावासाचा हेन्रिक नावाचा अधिकारी सुन्नी गावं फिरत होता. तुमचं म्हणणं ऐकून घेतो, वर पोचवतो, पण बाहेर बसू नका, मत द्या, असं त्याचं सांगणं. मास्तरांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, इंग्रजी येत होतं, त्यामुळे गाव आणि दूतावास यांच्यामधलं जाणंयेणं त्यांच्याच गळ्यात पडलं.

"मास्तर, तुझा पाहुणा पायी निघालाय का?" शेख फरहानने विचारलं. "विचारून घे. वाटेत सावलीला बसला असेल."

सगळे हसले. हाजी दहाम तेवढे हसले नाहीत.

खरं तर ही बैठक हाजींसाठीच होती. अर्ध्या गावाची शेतं त्यांच्या पंपावर भिजत, आणि हाजी जिकडे जातील तिकडे अर्धं गाव जाई. त्यांचा मुलगा शलाल याला अकरा महिन्यांपूर्वी नाक्यावरून सैनिकांनी उचललं. कुठे ठेवलाय, जिवंत आहे की नाही, कोणी सांगत नव्हतं. मास्तर बोलवायला गेले तेव्हा हाजी म्हणाले होते, "मतदान-बितदान मला सांगू नकोस. माझ्या शलालचं नाव कोणी तोंडातून काढणार असेल तर येतो." मास्तर म्हणाले होते, "काढतील." तेवढ्या एका शब्दावर हाजी आले होते.

साडेबाराला दूतावासाने दिलेला सॅटेलाइट फोन वाजला. तो मोकळ्या आभाळाखालीच चाले. मास्तर लगबगीने छतावर गेले.

पलीकडे सुहा होती, हेन्रिकची दुभाषी, मोसुलकडची मुलगी. "उस्ताद, पूल बंद केलाय. आम्हाला पुढे सोडत नाहीत. आज जमणार नाही."

"मग उद्या?"

"मतदानाआधी जमेल असं वाटत नाही."

"अगं, चौदा माणसं बसलीत खाली." मास्तरांनी आवाज खाली आणला. "बरं, शलाल दहामचं काय? मी पत्र पाठवलं होतं."

कागद चाळल्याचा आवाज आला. "पुढे पाठवलंय. कोणाकडे, ते मलाही माहीत नाही, उस्ताद. तुमच्याशी खोटं कशाला बोलू."

फोन बंद झाला तरी मास्तर तो कानाला लावून उभेच होते. खालून मटणाचा वास येत होता. त्यांची बायको नादिरा पहाटेपासून चुलीपुढे होती.

खाली उतरताना काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. दारात पोचले तर शेख फरहान वहाणा शोधत होता, आणखी दोघे उठण्याच्या बेतात होते.

"पूल बंद केलाय," मास्तर म्हणाले. "पाहुणे पुढच्या आठवड्यात येतील." कोणीतरी नाकातून हसलं. हाजी नुसते बघत होते. ती नजर मास्तरांना सोसवेना. "आणि हाजी, शलालचं नाव त्यांच्याकडे पोचलंय. साहेब स्वतः चौकशी करताहेत."

हाजींनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर ओढून घेतलं.  मग म्हणाले, "जेवण आणा. आणि जेवून सगळे शाळेत जाऊ. नावं घालू."

त्या दुपारी शाळेत अडतीस नावं लागली. दुसऱ्या दिवशी दोनशेच्या वर गेली. मास्तरांना शाबासकी द्यायला लोक घरी येत, आणि कडी वाजली की मास्तर आतल्या खोलीत जात.

"नुसता भात चिवडताय," नादिरा म्हणाली. "पोट बिघडलंय का?"

"ऊन बाधलंय."

"घरात बसून?"

तिसऱ्या दिवशी सकाळी हाजी दहाम दारात उभे. अंगात धुतलेला पांढरा झगा, हातात खजुरांचा खोका.

"चल, बगदादला. त्यांना यायला जमत नाही ना, मग आपण जाऊ. माझ्या पोरासाठी माणूस धडपडतोय, त्याचे आभार नकोत मानायला?"

"हाजी, रस्ता धड नाही. जागोजागी नाके."

"मला नवीन आहेत का नाके? गाडी काढ."

पहिल्या नाक्यावर तास गेला. दुसऱ्यावर गाडीतल्या गाद्या उपसून पाहिल्या, खजुरांचा खोका उघडायला लावला. हाजी शलालच्याच गोष्टी सांगत होते: तो पंपाचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते ओळखतो, त्याच्या मुलीला आता दात आलेत. मास्तरांनी गाडीचा वेग कमी केला.

"हाजी," ते शेवटी म्हणाले, "छतावर मला तसं कोणी बोललं नाही. पत्र कुठे गेलं ते त्यांनाही माहीत नाही. चौकशीचं मी मनचं सांगितलं."

हाजींनी दाराच्या कडीवर हात ठेवला. मग म्हणाले, "थांबव गाडी."

ते उतरून निलगिरीच्या एका झाडाखाली पाठ करून उभे राहिले. लष्करी गाड्यांचा तांडा गेला, धूळ उडाली, बसली. मास्तरांना उतरायचा धीर झाला नाही. दहा-पंधरा मिनिटांनी हाजी आले, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसले.

"चल."

"घरी?"

"बगदादला. तू खोटं बोललास. माझा मुलगा तर खरा आहे ना?"

दूतावासाच्या फाटकाशी दोन तास उन्हात काढल्यावर सुहा बाहेर आली आणि त्यांना एका पत्र्याच्या खोलीत घेऊन गेली. हेन्रिक उंच, थकलेला, साठीचा माणूस होता. न आल्याबद्दल त्याने माफी मागितली. मास्तर तोंड उघडणार तोच हाजींनी हात वर केला.

"मास्तर बोलणार नाही. ही मुलगी बोलेल."

मास्तरांनी खुर्ची मागे घेतली. घटनेतल्या कलमांबद्दल काय बोलायचं ते त्यांनी चार पानं लिहून आणलं होतं. ती खिशातच राहिली.

"लिहून घ्या," हाजी म्हणाले. "शलाल दहाम मिखलिफ. आई फौजिया. हनुवटीवर जुन्या जखमेची खूण. उजव्या कानाने कमी ऐकतो. हळू विचारलं तर उत्तर देत नाही, म्हणून लोकांना उर्मट वाटतो. तो उर्मट नाही. हे मुख्य आहे, हे लिहा."

हेन्रिकने लिहिलं. हाजींनी त्याला वाचून दाखवायला लावलं, आणि नावाचा उच्चार सुधारेपर्यंत चार वेळा म्हणवून घेतलं.

"मी वचन देऊ शकत नाही," हेन्रिकचं बोलणं सुहाने सांगितलं. "विचारीन. उत्तर मिळालं नाही, तर मिळालं नाही असं कळवीन."

"चालेल," हाजी म्हणाले. "आणि माझंही ऐका. आम्ही मत देणार. 'नको' असं देणार. ही घटना मला वाचून दाखवलीय, ती आमच्याशी न बोलता लिहिलीय. पण मत देणार."

हेन्रिकने मान हलवली. "तसं द्या. मला एवढंच हवं होतं."

खजुरांचा खोका हाजींनी त्याच्या टेबलावर ठेवला. परतीच्या वाटेवरही ते मागेच बसले. गाव दिसू लागलं तेव्हा एकदाच बोलले, "तू सांगशील की मी?"

"मी सांगतो."

शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. शेख फरहान म्हणाला, "म्हणजे परकेच फसवतात असं नाही. घरचं माणूसही आहे त्यासाठी." दोघातिघांनी यादीतून नावं काढायचं बोलून दाखवलं. हाजी जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. "नावं राहू द्या," ते म्हणाले. "मी काही मास्तरसाठी घातलं नव्हतं." मास्तरांच्या बाजूने ते तेवढंच बोलले.

मतदानाच्या दिवशी रांग शाळेपासून कालव्यापर्यंत गेली. गावाने 'नको' म्हटलं, घटना तरीही पास झाली. लोक चिडले, पण डिसेंबरच्या निवडणुकीला पुन्हा रांगेत उभे राहिले. हाजी वाटेत दिसले की मास्तर सलाम करत. हाजी सलाम परत करत आणि न थांबता पुढे जात. मास्तर एकदोनदा त्यांच्या बागेपर्यंत जाऊन तसेच परत आले.

जानेवारीत हाजी मास्तरांच्या घरी आले. हातात हेन्रिकचं इंग्रजी पत्र होतं, आणि बरोबर औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याला थोडंफार इंग्रजी येत होतं.

"वाच," हाजी म्हणाले. "हा शेजारी बसतोय. तू वाचलेलं हा बघेल."

मास्तरांनी चष्मा लावला.  शलाल दहाम मिखलिफ जिवंत आहे, दक्षिणेतल्या एका तुरुंगात आहे, खटला अजून उभा राहिलेला नाही, घरच्यांना भेटीसाठी अर्ज करता येईल, असं लिहिलं होतं. औषधवाला एकेका ओळीवर बोट फिरवत होता. "बरोबर वाचतोय, हाजी," तो म्हणाला.

हाजींनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. नादिरा चहा घेऊन दारातच थबकली होती. दुसऱ्यांदा 'जिवंत' आलं तेव्हा हाजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"अर्ज लिही," ते म्हणाले. "कानाचं घाल त्यात."

मास्तरांनी लिहायला घेतलं. लिहिलेलं प्रत्येक वाक्य औषधवाल्याने वाचून पाहिलं, आणि मास्तरांनी त्याला पाहू दिलं.

फेब्रुवारीत हाजी मुलाला भेटून आले. मास्तरांना त्यांनी बरोबर नेलं नाही. शलाल वाळलाय, पण पंपाबद्दल विचारत होता, हे मास्तरांना न्हाव्याच्या दुकानात कळलं.