दार लावलंस ना?

या, इकडे सरका. माझ्या सतरंजीवर अजून एक माणूस मावतं. पखवाजाच्या पुडीला लावायची कणीक अजून मळून व्हायचीय, पेटी सुरात यायचीय, आणि बुवा कुठंतरी चहाला अडकलेत. कीर्तन उभं राहीपर्यंत तुम्हाला एक गोष्ट सांगते. पुराणातली नाही, आपल्या नारायणगावच्या पेठेतली आहे, आणि त्या पोरीनं स्वतः सांगितलंय, ‘मावशी, सांगा, माझं नाव घेऊन सांगा.’ म्हणून सांगते. एरवी कुणाच्या लेकीची गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची मला सवय नाही.

आमच्या समोर पारसशेठ गुगळ्यांचं कापडाचं दुकान आहे. राजस्थानातून आलेलं जैन घर, पण पिढ्या इथंच गेल्या, मराठी आपल्यासारखीच. त्यांची थोरली चेतना. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. देवाधर्माची गोडी आहे पोरीला. देरासरात, म्हणजे त्यांच्या मंदिरात, जातेच, पण सप्ताहात माझ्याशेजारी बसून टाळीही धरते. तिची आजी जडावबाई चिडवते, “आधी आपलं प्रतिक्रमण पाठ कर, मग दुसऱ्यांच्या टाळ्या वाजव.”

तर या उन्हाळ्यानंतर कॉलेजनं मुलांना इंटर्नशिपला पाठवलं. आता हे सगळ्यांनाच करावं लागतं. कुठंतरी काम करायचं, सर्टिफिकेट आणायचं, त्याशिवाय मार्क नाहीत आणि नोकरीच्या मुलाखतीला बसताही येत नाही. चेतनाला आणि तिच्या वर्गातल्या साक्षीला मिळून बोरी बुद्रुककडची एक फुलांची शेड मिळाली. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली छोटी कंपनी आहे. पॉलीहाऊसमधले गुलाब तिथं येतात, जुड्या बांधतात, बादल्यांत ठेवून कोल्ड रूममध्ये लावतात आणि पहाटेच्या गाडीनं पुढं पाठवतात. गुलाब कळीतच पोचायला हवा. वाटेत उमलला की व्यापारी हात लावत नाही.

साक्षी मढची. बौद्ध घरातली, वडील पंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर कामाला, आई मंगल शिवणकाम करते. मढहून बोरी म्हणजे लांबचा पल्ला, म्हणून ती आळेफाट्याला मावशीकडे राहायची. दोघींचं छान जमलं. चेतनाच्या डब्यात कांदा-बटाटा नसायचा, म्हणून साक्षी तिला ‘पथ्याचा पेशंट’ म्हणायची. आणि साक्षी जुडी बांधताना जीभ बाहेर काढायची, म्हणून चेतना तिला म्हणायची, “अगं, गुलाब बांधतेस का जखम शिवतेस?”

शेडवर कारभारी गेणभाऊ. तोंडानं फाटके, मनानं बरे. त्यांचा एकच नियम होता. शेवटी बाहेर पडेल त्यानं कोल्ड रूमचं हँडल ओढून बघायचं. दार जड होतं, नुसतं ढकललं तर लागल्यासारखं दिसायचं. ‘खट’ वाजलं तर लागलं.

मग चातुर्मास लागला. चेतनाचा चौविहार असतो. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. लहानपणापासून पाळते. बोरीहून स्कूटीवर घर गाठायचं, हातपाय धुवायचे, चार घास खायचे, म्हणजे शेडवरून उजेडीच निघायला हवं. साक्षीच म्हणायची, “जा गं तू, मागचं मी आवरते.” रोज तीच झाडझूड करून शटर ओढायची.

श्रावणातला एक दिवस. मोठी ऑर्डर होती, माल भरपूर. दोघींनी बादल्या आत लावल्या. साक्षी बाहेर येऊन पानं-काटे झाडायला लागली. चेतना आतच राहिली, कॉलेजच्या रिपोर्टसाठी तिला फोटो हवे होते. फोटो काढताना तिनं दाराच्या फटीतून आभाळ पाहिलं. ढगांमुळं सूर्य कुठं आहे तेच कळेना. पोटात भूक, मनात घाई. ती बाहेर आली, मागं दार ढकललं आणि स्कूटीकडे पळाली.

“दार लावलंस ना?” साक्षीनं झाडू थांबवून विचारलं.

“हो गं, हो!” हेल्मेट घालता घालता चेतनानं हात हलवला.

‘खट’ वाजलं नव्हतं. ते तिच्या कानाला कळलं होतं. पण तिच्या मनानं म्हटलं, वाजलं असेल, मीच ऐकलं नसेल. आणि स्कूटी सुरू झाली. त्या संध्याकाळी ती वेळेत जेवली. मला सांगताना याच वाक्याला रडली, बरं का. म्हणाली, “मावशी, मी अगदी वेळेत जेवले.”

सकाळी दार बोटभर उघडं. गारवा राहावा म्हणून दाराला आतून टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतली एक पट्टी फटीत अडकली होती. आणि आत सगळे गुलाब उमललेले. लाल, पिवळे, भरगच्च. चेतना म्हणते, इतकी सुंदर खोली मी कधी पाहिली नाही. तिनं पट्टी पाहिली, आणि तिला सगळं समजलं.

गेणभाऊंनी सगळ्यांना उभं केलं. जुड्या बांधणाऱ्या बाया, गाडीवाला, या दोघी.

“शेवटी कोण व्हतं?”

“मी,” साक्षी म्हणाली.

“हँडल वढलं व्हतं का न्हाई?”

साक्षी गोंधळली. “दार लावलेलं होतं, भाऊ. मी... ओढून बघायला पाहिजे होतं. माझी चूक झाली.”

“चूक? आगं, लग्नाच्या मांडवात गुलाब उमलत्यात, कोल्ड रूममदी नाय! शेतकऱ्याला काय सांगू मी? तुमच्या कॉलेजच्या पोरींनी बाग फुलवली म्हणून?”

दोन-चारजण हसले. मागून कुणीतरी म्हणालं, “असल्यांच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं.” असल्यांच्या म्हणजे कसल्यांच्या, ते कुणी उलगडलं नाही. उलगडायची गरजही नव्हती. साक्षीनं मान खाली घातली. आणि चेतना तिच्या शेजारी उभी होती, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता. तिनं उघडलं नाही.

साक्षीला त्याच दिवशी घरी पाठवलं. सर्टिफिकेट नाही. चेतनानं दुपारी तिच्यासोबत फाट्यापर्यंत जाऊन तिला एसटीत बसवलं, आपला डबा दिला, “काळजी करू नको” म्हणाली. आणि परत येऊन पुढचे दिवस अशी राबली की गेणभाऊ खूश. म्हणाले, “परीक्षा झाली की इकडंच ये कामाला. तुझ्यावानी पोरगी लागती आमाला.” पारसशेठांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

आता कॉलेजात मुलाखतींची तयारी सुरू झाली. टाय घातलेली मुलं, इंग्रजीतून ओळख करून द्यायची, हात कुठं ठेवायचे, नजर कुठं ठेवायची, सगळं शिकवतात. खोट्या मुलाखतीही घेतात. चेतनाची पाळी आली तेव्हा बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, “इंटर्नशिपमध्ये एखादी अडचण आली का? तुम्ही ती कशी हाताळलीत?”

आणि या पोरीनं गुलाबांची गोष्ट सांगितली. “माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडून कोल्ड रूमचं दार उघडं राहिलं. मी तिला आधार दिला, आणि तिचं काम अंगावर घेऊन ऑर्डर पूर्ण केली.”

बाई म्हणाल्या, “व्हेरी गुड. टीमवर्क.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. साक्षी त्या हॉलमध्ये नव्हती. सर्टिफिकेट नसलेल्यांना बसू देत नव्हते.

चेतना म्हणते, तोवर मी गप्प राहिले होते. त्या दिवशी मी बोलले. तिला वाटलं होतं गप्प राहणं हेच सगळ्यात वाईट. तसं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती माझ्याशेजारी कीर्तनाला बसली होती. बुवा रंगात आले, सगळा मांडव टाळी धरून उठला, आणि हिचे हात मांडीवर तसेच. मी म्हटलं, “अगं, हात दुखतात का?” तर उठून गेली. मला वाटलं, परीक्षेचा ताण.

पुढं त्यांचं पर्युषण झालं, संवत्सरी आली. तुम्हाला माहीत असेल, त्या दिवशी जैन लोक वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. जडावबाई अजून काठी टेकत दारोदार जाते, माझ्याकडेही येते, हात जोडते, आणि गेल्या साली पापडावरून कशी भांडली तेही सांगते. चेतनानं मात्र मोबाईलवर कमळाचं चित्र आणि खाली छापील क्षमा, असं सगळ्यांना एकदम पाठवलं. त्या सगळ्यांत साक्षीचाही नंबर होता.

साक्षीचं लगेच उत्तर आलं. ‘जय भीम चेतना. माझी कसली माफी? त्या दिवशी तू एकटीच माझ्याशी नीट बोललीस. विसरणार नाही.’

चेतना फोन घेऊन आजीकडे गेली. आजीनं विचारलं, “किती जणांना पाठवलंस?”

“सगळ्यांना.”

“मग ज्याची मागायची होती त्याची राहिली वाटतं. तोंड बघ कसं झालंय.”

दुसऱ्या दिवशी ती मढला गेली. साक्षीच्या आईनं, मंगलनं, मशीन बाजूला सारून तिला बसवलं. “उजेडीच खाऊन घ्या हां. साक्षीनं सांगितलंय तुमचं. पोहे केलेत, कांदा-बटाटा काय घातला नाय.” पुढ्यात पोह्यांची बशी आली. चेतनाला घास उचलेना. तिनं बशीकडे बघतच सगळं सांगितलं. दार, पट्टी, न वाजलेलं ‘खट’. मुलाखतीतलंही सांगितलं.

मंगलनं पोह्यांची बशी तिच्यापुढून उचलली. उठून आत गेली.

“तुला कधी कळलं?” साक्षीनं विचारलं.

“त्याच सकाळी. पट्टी बघितल्यावर.”

“म्हणजे एसटीत बसवलंस तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“मी रोज माझ्या हाताला विचारते, तू हँडल ओढलंस का नाही. आईला वाटतं मी वेडी झाले.” तिचा आवाज चढला नाही. “‘असल्यांच्या हातात’ म्हणाले तेव्हाही तू ऐकलंस. मी एकटीनं नाही ऐकलं ते.”

“साक्षी, मला माफ...”

“नको. इथं नको मागूस. मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं ना? तिथं जाऊन सांग. सगळे असताना.”

चेतना गेली. चहाच्या वेळी, बाया, गाडीवाला, सगळे बसलेले असताना उभी राहिली आणि सांगितलं. गेणभाऊ कितीतरी वेळ बशीतला चहा फुंकत राहिले.

“आन् हे आत्ता सांगतीस व्हय? नोकरी पक्की झाल्यावर?”

“नोकरी देऊ नका, भाऊ. साक्षीचं सर्टिफिकेट द्या.”

“ते देनारच हाय. तिचं तिला मिळंल. आन् तुझ्या नोकरीचं तू बोलायची गरज न्हाई, ते मी बघितलंच असतं. जा आता.”

त्यांनी कॉलेजला कळवलं, साक्षी मुलाखतींना बसायला लागली. पारसशेठ आठवडाभर लेकीशी बोलले नाहीत. साक्षी अजून बोलत नाही. वर्गात दोन बाकं सोडून बसते. चेतनानंही पुन्हा तिला मेसेज केला नाही. मला म्हणाली, “आता मी मागत राहिले तर तिला द्यावीच लागेल, मावशी. ते पण जबरदस्तीच झाली.” पुढच्या खऱ्या मुलाखतीत तिनं दाराची गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली. निवड झाली नाही.

उठतायत बघा सगळे, बुवा आले. एवढंच ऐका. बोरीच्या बाजूला अजून लोक म्हणतात, ती मढची पोरगी, जिनं दार उघडं टाकलं. चेतना एकदा उभी राहून बोलली, पण त्या वेळी जे तिथं नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोचलेलंच नाही. तुमचा त्या बाजूला राबता आहे, म्हणून विनवते. कुणी असं बोललं तर तिथंच थांबवा, आणि सांगा, ती साक्षी. दार तिनं नाही उघडं ठेवलं. तिला लक्षात ठेवा, माय.