राहीबाईला न पटलेला शेवट

कोल्हारच्या वाचनालयात निवृत्त शिक्षिका अंबिकाबाई शनिवारी दुपारी बायकांना जुन्या रशियन गोष्टी मराठीतून वाचून दाखवत. त्या दिवशीच्या गोष्टीत एका जमीनदारानं भर बर्फात आपल्याच मित्राच्या पोटात गोळी घातली होती. मित्र दोन दिवस किंचाळत मेला. शेवटच्या पानावर तोच जमीनदार, म्हातारा झालेला, खिडकीपाशी चहा पीत बसला होता.

"मंग पुढं?" राहीबाईनं विचारलं.

"पुढं काही नाही. संपली."

"ह्याला फाशी न्हाई? कुनी सूडबी घेतला न्हाई?"

"ती सूडकथा झाली असती, राहीबाई. मारणारा मेला की पुस्तक मिटलं. ह्या रशियन लेखकांना त्याच्या पुढचं बघायचं असतं. मारून झाल्यावर माणूस जगतो कसा, ते."

"आपल्याला सुडाचीच बरी, बाई."

बायका हसल्या. राहीबाई हसली नाही. आठ वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात पुतण्यानं, कानिफनाथानं, तिच्या हर्षलच्या डोक्यात फावडं घातलं होतं. फुटलेलं डोकं तिनं पदरानं दाबून धरलं, तरी पोरगं मांडीवरच गेलं. कानिफनाथ सजा भोगून सोमवारीच घरी आला होता.

घरी जाताना तो दिसला. गोठ्यासमोर एकटाच कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये चारा घालत होता. शेजारी गवताच्या भाऱ्यावर कोयता पडला होता. राहीबाईनं तो कधी उचलला, तिचं तिलाच कळलं नाही.

"काकी," एवढंच तो म्हणाला.

पहिला घाव खांद्यात बसला. दुसऱ्याला त्यानं हात आडवा धरला, तशी दोन बोटं तुटून चाऱ्यात पडली. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. तिसरा घाव गळ्याजवळच्या हाडात रुतला. ती कोयता ओढत राहिली, तो निघेना. कानिफनाथ गुडघ्यावर आला, पण त्यानं तिला ढकललं नाही. शेजारचे धावत आले, तेव्हा तिची मूठ सोडवायला दोघं लागले; बाकीच्यांनी कानिफनाथाला दवाखान्यात नेलं.

रक्तानं भरलेल्या लुगड्यातच ती पोलीस चौकीत गेली. "मी मारलं त्याला. लिवा."

हवालदारानं दवाखान्यात फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि खाली ठेवला. "मावशी, जखमी माणूसच म्हणतोय, तोल जाऊन मशीनवर पडलो. त्याला घेऊन आलेलेही म्हणतात, आम्ही काही बघितलं नाही. जा घरी."

घरी न जाता ती तडक दवाखान्यात पोचली. कानिफनाथ पांढराफटक पडून होता.

"खोटं का बोल्लास रं?"

"मी आत राहून आलोय, काकी. तितं काय बी फिटत न्हाई."

तिनं खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. मग दुसरी दिली. "माझ्यावर उपकार करतोस? माझं लेकरू खाऊन?" त्याच्या पट्टीतून रक्त झिरपायला लागलं.

सिस्टर धावत आली. "अहो, काय करताय? कोण तुम्ही ह्यांच्या?"

राहीबाईनं तोंडावरचं वाळलेलं रक्त पदरानं पुसलं.

"चुलती."

"मग ही इंजेक्शनं आणा खालून. लवकर! बरंच रक्त गेलंय."

सिस्टरनं चिठ्ठी तिच्या हातात कोंबली. राहीबाई दात-ओठ खात, रडत, शिव्या देत जिना उतरली आणि औषधाच्या दुकानापुढच्या रांगेत उभी राहिली.