असिमोच्या मापाचे खोगीर

मी एक जुने लाकडी खोगीर आहे. सिदेरिसच्या थोरल्या मुलीचे, कालिरोईचे, लग्न ठरले त्या वर्षी माझा जन्म झाला. नवरीला खेचरावर बसवून चर्चपर्यंत न्यायचे होते आणि घरातले जुने खोगीर मोडले होते. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला घडवले झाखारियासने. आमच्या बेटावरचा तो शेवटचा खोगीर करणारा. त्याने आधी सिदेरिसच्या करड्या खेचरीला, असिमोला, डोंगर चढवून आणि उतरवून आणले. मग द्राक्षवेलीची ओली फांदी तिच्या पाठीवर वाकवून माप घेतले. वर तुतीचे लाकूड, आत पेंढा, खाली जाड लोकर. मला हवाली करताना त्याने सिदेरिसला बजावले, "हे असिमोचं आहे. दुसऱ्या जनावरावर घातलंस, तर खोगीर नाही, करवत घातलीस असं समज."

कालिरोई माझ्यावर बसूनच नवरी झाली. पुढे द्राक्षे वाहिली, सातू वाहिला. मग जहाजे भरभरून पाहुणे येऊ लागले. धक्क्यापासून डोंगरावरच्या प्राचीन देवळाच्या खांबांपर्यंत नुसत्या पायऱ्या आहेत. पाहुणे माझ्यावर बसून वर जायचे, निळे पाणी आणि पलीकडची बेटे बघून हरखायचे, माझ्या कोरीव लाकडावरून हात फिरवायचे. असिमोला माझा कधी त्रास झाला नाही. ती म्हातारी झाली, तेव्हा सिदेरिसने तिला वरच्या मळ्यात मोकळे सोडले. त्याचेही गुडघे गेले होते. तोही तिथल्या खोपटात राहायला गेला.

धंदा मुलाच्या, लिनार्दोसच्या, हाती आला. त्याने नवी खेचरी आणली, कानेला. दालचिनीच्या रंगाची, तरणी, रुंद पाठीची. झाखारियास तोवर वारला होता. लिनार्दोसने मलाच तिच्यावर चढवले.

सिदेरिसने विचारले, "मेव्हण्याचे बूट घालून रोज देवळापर्यंत चढशील का रे तू?"

"खाली घोंगडी दुमडून घालतो, बाबा. बाहेरून नवीन खोगीर यायला ऑगस्ट सरेल. तोवर पाहुण्यांना काय तुमच्या गुडघ्यांवर बसवू?"

सिदेरिस रुसला आणि मळ्यात निघून गेला. त्याला सगळे कळत होते, तरी तो रुसून बसला. हे मी त्याला माफ केलेले नाही.

मी लाकूड आहे, मला वाकता येत नाही. जिथे असिमोची पाठ खोलगट होती, तिथे कानेलाची भरलेली होती. दर पायरीला माझी कड तिच्या खांद्याच्या हाडावर घासे. पहिले जहाज पहाटे यायचे, म्हणून लिनार्दोस रात्रीही मला उतरवत नसे, नुसता पट्टा सैल करी. घोंगडी भिजत गेली. घामाने नव्हे.

वर देवळात कुणी पडक्या खांबावर टेकले, तरी रखवालदार शिट्टी फुंकायचा. दगड झिजतो म्हणे. मी ती शिट्टी रोज ऐकत होते आणि माझ्याखाली जिवंत कातडे झिजत होते. त्यासाठी कुणी शिट्टी फुंकली नाही.

एक दिवस कानेला अर्ध्या वाटेवर अडली. मारले तरी हलेना. आता मला उतरवतील असे वाटले. पण बाकीचे खेचरवाले जमले आणि त्यांना आठवले, सकाळी एका परदेशी बाईने तिचे तोंड भरून कौतुक केले होते.

"कौतुक केल्यावर थुंकली का ती?"

"नाही ना. मग लागली दृष्ट."

लिनार्दोसच्या आईला, आनेझिनाला, बोलावणे गेले. तिने बशीतल्या पाण्यात तेलाचे थेंब सोडले. थेंब पसरले. तिला जांभयांवर जांभया येऊन डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "जबर लागली आहे रे," ती म्हणाली, "बाईचे डोळे निळे होते ना?" तिने पुटपुटत तीनदा थू थू केले आणि माझ्या पुढच्या खुंटीला एक निळा मणी बांधला. सगळ्यांना हायसे वाटले. मण्याच्या खाली चार बोटांवर जखम होती. एवढी माणसे जमली होती, एकानेही मला उचलून पाहिले नाही.

पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या सणाला, सिदेरिस खाली आला. त्याला लांबूनच वास आला. त्याने मला उचलले, तशी घोंगडीबरोबर कातडेही निघाले. तो बायकोला हळूच म्हणाला, "आनेझिना, तेल पाण्यात कशाला ओतलंस? ते इथे लावायचं होतं." लिनार्दोस धावतच धक्क्यावर गेला. मोठ्या बेटावरून जनावरांचा डॉक्टर आणला, पण जखम सडत हाडापर्यंत गेली होती.

आता मी एका खानावळीच्या भिंतीवर टांगलेले आहे. माझ्यात लाल फुलांची कुंडी ठेवतात. मणी अजून आहे. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढतात आणि किती सुंदर म्हणतात.

मित्रांनो, दगडांना जपा, जरूर जपा. पण तुमच्यासाठी ओझे वाहणारा जीव वाटेत अडला, तर त्याची दृष्ट काढत बसू नका. आधी ओझे उतरवा आणि खाली काय झाले आहे ते बघा.

असिमो त्याच हिवाळ्यात मळ्यात म्हातारपणाने गेली. कानेला त्याआधी, तेरा सप्टेंबरला सकाळी मेली. ती सहा वर्षांची होती.